तापाच्या गोळीची कुळकथा

नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर जाम लागते. तिथून चंद्रपूरची वाट फुटते. कापूस वेचून पाठ धरली, की आपल्याकडे माणूस दुकानातून चिठ्ठीवाचून तापाची गोळी आणतो. त्या गोळीची, म्हणजे पॅरासिटामॉलची, कुळकथा चमत्कारिक आहे, मंडळी.

१८८६ साली स्ट्रासबर्गला कान आणि हेप हे डॉक्टर एका रोग्याला जंतांसाठी नॅफ्थॅलीन देत होते. औषधवाल्याने चुकून भलतेच द्रव्य दिले. जंत राहिले बाजूला, ताप मात्र उतरला! ते होते ॲसिटॅनिलाइड. त्याने ओठ निळे पडत. पॅरासिटामॉल हे त्याचेच सौम्य भावंड. १८९३ मध्ये फॉन मेरिंग यांनी ते वापरून पाहिले, पण तेही तसेच घातक ठरवले गेले आणि अडगळीत पडले. १९४८ साली अमेरिकेत ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी तो कलंक पुसला, आणि १९५६ पासून ब्रिटनमध्ये त्याची विक्री सुरू झाली.

दहाच वर्षांनी, १९६६ मध्ये, डेव्हिडसन आणि ईस्टहॅम यांनी जास्त मात्रेने यकृत निकामी झाल्याचे जाहीर केले. त्याचे कारण १९७३ मध्ये उलगडले. औषधाचा थोडा अंश यकृतात विषारी बनतो. ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला निकामी करते. मात्रा फार झाली, की तो साठा सरतो. उपाशी माणसाजवळ तो मुळातच तुटपुंजा असतो. १९७७ साली एडिंबरोच्या प्रेस्कॉट यांनी ॲसिटिलसिस्टीन शिरेतून देऊन रोगी वाचवता येतात हे दाखवले. पहिल्या आठ तासांत ते दिले तर यकृत बहुधा वाचते.

उतारा आहे, मग अडते कुठे? ओळखण्यात! पहिल्या दिवशी मळमळ, उलटी. कधी तीही नाही. दुसऱ्या दिवशी रोग्याला बरे वाटते, घरचे निर्धास्त होतात, आणि यकृत त्याच वेळी नासत असते. कावीळ, बरळणे दिसेतो तिसरा-चौथा दिवस उजाडतो. त्यात चुकून जास्त घेणारा आपण होऊन काही सांगत नाही. सर्दीची एक, तापाची एक, दाढेसाठी एक. नावे निराळी, आत औषध तेच! धडधाकट मोठ्या माणसानेही चोवीस तासांत चार ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, ओलांडू नयेत. मुलाची मात्रा वजनावर ठरते. थेंबांचे औषध चमच्याने पाजणे तर फारच वाईट.

सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे न्या की हिंगणघाटला, रोगी हसतबोलत असला तरी न्यायचेच. गुरुजी, गावात आधी तुम्हालाच विचारतात. तेव्हा तीन प्रश्न तुम्हीच विचारा: कोणत्या गोळ्या, किती, केव्हापासून? रिकामी पाकिटे सोबत द्या. आकडा आठवला नाही तरी पाकिटातले फुटके खळगे डॉक्टर मोजून घेतील.