‘बायको हिंदुस्थानात’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

खेड, चिपळूण, माणगाव या तालुक्यांतल्या मुसलमान मोहल्ल्यांत काही घरांना अजून ‘केपवाल्यांचं घर’ म्हणतात. केप म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि १८९९ ते १९०२ या काळातल्या बोअर युद्धानंतर अधिकच, आमच्याकडचे तरुण मुंबईला येऊन आगबोटीत बसत आणि तिकडे जात. कुणी दुकानात राहिला, कुणी गाडीवर फळं-भाजी विकली, कुणी गोदीत ओझी उचलली. केप टाउनमध्ये आजही ‘कोकणी’ म्हणून ओळखला जाणारा मुसलमान समाज आहे. इकडचे परकार तिकडे पार्कर झाले, इतकाच फरक.

हे लोक गिरमिटिये नव्हते, हे आधी सांगायला हवं. मॉरिशसला किंवा नाताळला जे करारावर मजुरी करायला गेले, त्यांचं सगळं सरकारनं लिहून ठेवलं. नाव, बापाचं नाव, वय, गाव, उंची, अंगावरची खूण. मजूर पळाला तर धरून आणायला हे सगळं लागत असे. त्यामुळे मॉरिशसमधला माणूस मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेतल्या दप्तरातून आपल्या खापरपणज्याचं गाव काढू शकतो. गुलामीसारख्याच त्या कराराची वारसांना झालेली ही एक मिळकत! पण जो स्वतःच्या, नाहीतर सावकाराच्या पैशानं तिकीट काढून गेला, त्याच्यासाठी अशी वही कोण ठेवणार? तो कागदावर येतो तो मुख्यतः दोन वेळा. परवान्यासाठी सरकारी खिडकीत उभा राहतो तेव्हा, आणि मरतो तेव्हा.

माझे पणजोबा अशांपैकी एक. घरात त्यांच्याबद्दल दोनच वाक्यं शिल्लक होती. ‘केपला गेले. मानमोडीत वारले.’ मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ. हा शब्द आता ऐंशीच्या पुढच्या माणसांनाच कळतो. पणजीबद्दल तर एवढंही नव्हतं. गावात तिला ‘केपवाल्याची’ म्हणत. माझ्या दादीनं तिची सून म्हणून पुष्कळ वर्षं काढली, पण सासूचं नाव तोंडानं घ्यायची रीत नव्हती. अब्बा तिच्या मांडीवर खेळल्याचं कधी बोलले नाहीत, कारण त्यांच्या जन्माआधीच ती गेली होती. म्हणजे शंभर वर्षांच्या आत एका बाईचं नाव तिच्याच घरातून नाहीसं झालं.

केप वसाहतीत जन्म-मृत्यूची सक्तीची नोंद १८९५ पासून सुरू झाली. पण वंशावळ शोधणाऱ्याला त्याहून उपयोगाचा कागद वेगळाच आहे. त्याला तिकडे ‘डेथ नोटीस’ म्हणतात. डच अमलात अनाथ पोरांच्या मालमत्तेवर देखरेख करणारं एक खातं केपमध्ये होतं. इंग्रजांनी ते स्वरूप बदलून चालू ठेवलं. माणूस मेला की जवळच्या नातेवाइकानं, किंवा मरताना हजर असणाऱ्यानं, एक छापील अर्ज भरून या खात्याला द्यायचा. डॉक्टरच्या दाखल्यात मरणाचं कारण असतं. या अर्जात जगण्याची हकिगत असते. मृताचं नाव, जन्मगाव, आईबापांची नावं, वय, धंदा, लग्न झालं का, कुणाशी, मुलांची नावं, ती सज्ञान की अज्ञान, मृत्युपत्र आहे का, मालमत्ता किती. आपल्याकडे एका माणसाबद्दल इतके प्रश्न एकाच कागदावर सोयरीक जुळवतानाही कुणी विचारत नाही.

हे कागद केप टाउनच्या रोलँड स्ट्रीटवर, जुन्या तुरुंगाच्या जागी उभ्या असलेल्या अभिलेखागारात आहेत. त्यांची सूची संगणकावर आहे आणि पुष्कळशा कागदांच्या प्रतिमा अमेरिकेतल्या ‘फॅमिलीसर्च’ या संस्थेनं खुल्या केल्या आहेत. ही संस्था मॉर्मन पंथाच्या चर्चची. १८९४ साली युटा प्रांतात तिचं काम सुरू झालं. मेलेल्या पूर्वजांच्या नावानंही धर्मविधी करता येतो अशी त्यांची श्रद्धा, म्हणून त्यांनी जगभरच्या नोंदवह्यांचे फोटो घेतले. सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात कोरलेल्या तळघरात ठेवलेल्या चोवीस लाख मायक्रोफिल्मचं संगणकीकरण त्यांनी २०२१ मध्ये पुरं केलं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांनी टिपल्या आहेत. त्यांचा धर्मविचार त्यांच्यापाशी. मला मात्र एका दूरच्या पंथाच्या श्रद्धेमुळे माझ्या पणजोबाचा कागद पैसे न भरता पाहता आला, याचं मोल आहे. (सगळ्याच प्रतिमा घरबसल्या दिसत नाहीत. काहींसाठी त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं.)

शोधताना पहिली अडचण नावाची. आपल्याकडे नाव, बापाचं नाव, मग आडनाव. तिकडच्या कारकुनानं बापाचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं आणि आडनाव सोडून दिलं. शिवाय डच वळणाच्या कानांना इब्राहिम ‘एब्राहिम’ ऐकू येई आणि युसुफ ‘एसॉप’. आडनावानं शोधलं तर काहीच मिळत नाही. बापाचं नाव आडनाव समजून, तीन-चार तऱ्हांनी लिहून, सोबत ऑक्टोबर १९१८ एवढं दिलं की यादी समोर येते. ती यादी बघवत नाही. युद्धावरून परतणारं सैन्य घेऊन ‘जारोस्लाव’ आणि ‘व्हेरोनेज’ ही दोन जहाजं सप्टेंबरमध्ये केप टाउनला लागली आणि साथ शहरात शिरली. त्या महिन्याला तिकडे ‘काळा ऑक्टोबर’ म्हणतात. एकेका तारखेखाली नावांची रांग. त्याच महिन्यांत इकडे मुंबई इलाख्यातही माणसं पटापट मरत होती. नवरा तिकडे आणि बायको इकडे, दोघंही एकाच साथीच्या तोंडाशी होती.

पणजोबांचा अर्ज भरला होता गावच्याच कुणीतरी. खाली सही नाही, अंगठा आहे. जन्मगावाच्या रकान्यात ‘रत्नागिरी, हिंदुस्थान’. बापाचं नाव आहे, आईच्या नावापुढे रेघ. धंदा, फेरीवाला. मुलगा एक, अज्ञान, त्याचं नाव, म्हणजे माझ्या आजोबांचं. आणि बायकोच्या रकान्यात इंग्रजीत एवढंच : मोहमेडन रिवाजानं लग्न, बायको हिंदुस्थानात.

नाव नाही. जिथं नाव हमखास असायला हवं, असा छापील रकाना, आणि त्यात पत्ता!

अंगठा लावणाऱ्याला मित्राच्या बायकोचं नाव माहीत नसेलही. आमच्याकडे मित्राच्या बायकोला भाभी म्हणतात, नाव विचारत नाहीत. पण त्या रकान्यामागे कायदाही उभा होता. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, एकाहून अधिक बायकांना मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीनं झालेलं लग्न इथल्या कायद्यात लग्न नव्हे. हसन एसॉप नावाच्या माणसाची बायको बाई मरियम हिला त्या निकालामुळे देशात प्रवेश मिळाला नाही. गांधीजींच्या सत्याग्रहात त्यानंतर बायका उतरल्या आणि तुरुंगात गेल्या, हे आपण शाळेत वाचलं. १९१४ च्या कायद्यानं एका बायकोला प्रवेशापुरती सवलत मिळाली. लग्नाची मान्यता मात्र पुढेही रेंगाळतच राहिली. मुसलमान पद्धतीच्या लग्नातल्या बायकोला घटस्फोटाच्या कायद्याचं संरक्षण मिळालं पाहिजे, असं दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयानं सांगितलं ते जून २०२२ मध्ये.

मग बायका तिकडे गेल्याच नाहीत का? काही गेल्या. बहुतेक राहिल्या. केपच्या १९०६ च्या कायद्यानं येणाऱ्याला युरोपीय भाषेची परीक्षा लावली. जे आधीच तिकडे होते त्यांना गावी यायचं तर फोटो आणि हाताचे ठसे देऊन परवाना घ्यावा लागे. त्या मुदतीत परत पोचलं नाही तर दार बंद. पावसाळ्यात आजारी पडला, बोट चुकली, बाप मेला म्हणून चाळिसाव्यापर्यंत थांबला, तरी दार बंद. आमच्या मोहल्ल्यात ‘परमिट’ हा शब्द बायकांच्या तोंडी अजून आहे. नवरा घरी कधी येणार आणि किती दिवस राहणार, ते त्या कागदावर ठरायचं.

केपनं नाव दिलं नाही, तेव्हा इकडची दप्तरं पाहणं भाग होतं. मुंबई इलाख्यात गावच्या जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये होत असे. लोकांच्या तोंडी त्याला ‘कोतवाल बुक’. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली पुष्कळ पानं मोडीत आहेत. वर्षानुवर्षं ही बुकं तहसील कचेऱ्यांच्या गठ्ठ्यांत पडून होती. जातपडताळणीसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा हवा असलेला एखादा इतर मागासवर्गीय, त्यात आमचे पिंजारी-बागवानही आले, तेवढा तिकडे फिरके. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि या गठ्ठ्यांवरची धूळ एकदम झटकली गेली. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते दिवस आले. पन्नास लाखांवर नोंदी सापडल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानांच्या प्रती चढल्या.

त्या प्रतींवर कुणबी नोंदीसाठीच पान घेतलेलं असतं. पण कोतवालानं माणसं जातवार मारली नव्हती, ती मेली तशी लिहिली होती. एका पानावर कुणब्याच्या ओळीखाली कुंभार, त्याखाली महार, त्याखाली मुसलमान. शेजारच्या वाडीतल्या एका कुणबी आजोबांच्या नोंदीसाठी टिपलेल्या पानावर, तीन ओळी खाली, आमचं घर निघालं. साल १९३६. मोडी वाचून देणाऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून मला ओळ म्हणून दाखवली : मयत अमक्याची बायको, जात मुसलमान, वय सुमारे पन्नास, ताप.

नवरा जाऊन अठरा वर्षं झालेली, तोही सात समुद्रांपलीकडे. तरी ही त्याची बायकोच. त्याच पानावर पुरुषांची नावं धडधडीत आहेत. बायकांपैकी एक-दोघींनाच स्वतःचं नाव आहे. बाकीच्या कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. संगणकात ‘शोधा’ म्हटल्यावर या बायका कुठल्या नावानं सापडणार? पान कितीही स्वच्छ टिपा, कोतवालानं जे विचारलं नाही ते त्यात उमटत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव लिहिणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं, त्यावर तेव्हा विनोद झाले. माझ्या हातात हे पान असल्यामुळे मला काही हसू आलं नाही.

नाव मिळालं ते तिसऱ्याच ठिकाणी, जन्म-मृत्यूशी संबंध नसलेल्या वहीत. फेरफार. आपल्या इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं जमिनीच्या हक्कांची नोंदवही सुरू झाली. खातेदार मेला की वारसांची नावं चढवायची. पणजोबांच्या नावावर वरकस जमिनीचा एक तुकडा होता. नाचणीपलीकडे त्यात काही होत नसे. १९१९ चा फेरफार सांगतो : खातेदार आफ्रिकेत केप मुक्कामी मयत झाल्याचं पत्र आलं. वारस, मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई, आणि मग तिचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता; सातबारा वाचणाऱ्यांना ही अक्षरं पाठ असतात. तिचा स्वतःचा हिस्सा वेगळा लिहिला आहे : दोन आणे. मुलाचे चौदा. शरियतप्रमाणे मूल असलेल्या विधवेचा वाटा एक अष्टमांश, म्हणजे रुपयात दोन आणे. तलाठ्याला तो वाटा निनावी लिहिता येणं शक्य नव्हतं. कुणाचे दोन आणे, हे लिहावंच लागलं.

हा वाटा कमी आहे, मुलाच्या तुलनेत फारच कमी आहे, हे मी कवितेतही लिहिलं आहे आणि त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत. माझं ते मत आजही तेच आहे. पण केपच्या न्यायालयानं जिला बायको मानलं नाही आणि गावच्या कोतवालानं जिचं नाव विचारलं नाही, ती त्या दोन आण्यांमुळे कागदावर राहिली.

तिचं नाव मी इथे सांगत नाही. ते आधी घरात सांगितलं, आणि मग केप टाउनला कळवलं. कारण डेथ नोटीस शोधता शोधता तिकडचा एक दूरचा भाऊ सापडला आहे. पणजोबांबरोबर गेलेल्या चुलत्याचा पणतू. त्याला मराठी येत नाही, आमची बोली थोडी येते, तीही शंभर वर्षांपूर्वीची. तो अजून ‘आगबोट’ म्हणतो. वंशभेदाच्या राजवटीत १९५० च्या कायद्यानं प्रत्येकाला वंशाचा शिक्का मारला तेव्हा त्याच्या घरातले काहीजण ‘इंडियन’ ठरले आणि काही ‘मलाय’, कारण आजीकडचं घराणं तिथलंच. तो कायदा १९९१ मध्ये गेला. त्याला आता आपल्या पणजीचं नाव हवं आहे. तीही कोकणातच राहिलेली. तिच्या नवऱ्याच्या अर्जातही ‘बायको हिंदुस्थानात’ एवढंच आहे.

तिचं गाव शेजारच्या तालुक्यात येतं. तिथले फेरफार अजून संगणकावर आलेले नाहीत, गठ्ठ्यातच आहेत. नक्कल मागणारा अर्ज मी दिला आहे. कारकून म्हणाले, साल नक्की सांगा, म्हणजे गठ्ठा काढता येईल. साल केपच्या कागदावरून कळलं आहे, १९२१. पुढच्या सोमवारी बोलावलं आहे.