काहींच्या हातात नसलेला स्नायू

मंडळी, आज ज्या स्नायूचा इतिहास आपण बघणार आहोत, तो इथे बसलेल्या काही जणांच्या हातात नाहीच. कोपरापासून तळहाताकडे जाणारा हा बारीक स्नायू, पामारिस लाँगस.

गॅलेनने शरीररचना शिकली ती मुख्यतः माकडं आणि इतर प्राणी कापून. तेच वर्णन माणसाचं म्हणून शतकानुशतकं चाललं. १५४३ साली वेसालियसने ग्रंथ लिहून त्या चुका दाखवल्या. पण प्रश्न उरलाच : माणसामाणसांत फरक असला तर? पादुआत त्याच्या जागी आलेल्या रेआल्दो कोलंबोने १५५९ च्या आपल्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण क्वचित आढळणाऱ्या गोष्टींनाच दिलं. हा स्नायू काहींना नसतो, ही पहिली नोंदही त्याच्याच नावावर आहे.

पुढे मोजणी सुरू झाली. १९०९ साली शेफर यांचा लेख आला. त्यांच्या नावाची चाचणी सोपी आहे, आत्ताच करून बघा. अंगठा आणि करंगळी टेकवा, मनगट आत वाकवा. मधोमध दोरीसारखी उठते ती या स्नायूची कंडरा. नाही उठली तरी काळजी नको. पकडीची ताकद त्याने कमी होत नाही. १९४४ साली अमेरिकेत १६०० हात तपासले, तेव्हा १२.८ टक्के हातांत हा स्नायू नव्हता. इतर देशांत हे प्रमाण बरंच वेगळं निघतं.

आता म्हणाल, नसून बिघडत नाही तर एवढा खटाटोप कशाला? तर, बिघडत नाही म्हणूनच शल्यविशारद ही कंडरा काढून दुसरीकडे वापरतात. १९७४ साली फ्रँक जोब यांनी बेसबॉलपटू टॉमी जॉनच्या उजव्या हातातली कंडरा डाव्या कोपरात बसवली. तो १९८९ पर्यंत खेळला!

पण खरी मेख पुढेच आहे. या कंडरेच्या अगदी खाली मेडियन नर्व्ह असते. स्नायू नसेल, तर चिरेखाली पहिली पांढरी दोरी दिसते ती ही नसच. कंडरा समजून तीच काढल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, अंगठा नीट वळत नाही. म्हणून चीर घेण्याआधी, रुग्ण जागा असतानाच, ही अर्ध्या मिनिटाची चाचणी करायची. पुस्तकातला हात सरासरीचा असतो. टेबलावरचा हात त्या एका माणसाचा असतो.