चकतीच्या साच्यातून फ्लॅशची सुटका

मोठ्या संस्थांच्या स्टोरेजमध्ये फ्लॅशचे युग 2008 पासून मोजायचा रिवाज आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत ईएमसी कंपनीने आपल्या सिमेट्रिक्स डीएमएक्स-4 या यंत्रासाठी 73 आणि 146 गिगाबाइटच्या फ्लॅश ड्राइव्ह जाहीर केल्या. घटना मोठी होती, यात शंका नाही. पण तेव्हा बदलली ती फक्त खणातली वस्तू. खण तोच राहिला, जोडणी तीच राहिली आणि यंत्राने ड्राइव्हशी बोलायची भाषाही तीच. खरा पालट त्यानंतर जवळजवळ दशकभराने झाला, असे माझे मत आहे. फ्लॅशने चकती असल्याची बतावणी करावी, हा आग्रह यंत्र बांधणाऱ्यांनी सोडला तेव्हा तो झाला. नवी चिप बसवण्यापेक्षा तिच्याभोवतीची सगळी रचना मोडून नव्याने उभी करणे कितीतरी अवघड होते.

ती रचना इतकी घट्ट का बसली होती, हे समजायचे तर चकतीकडे पाहावे लागते. 1956 मध्ये आयबीएमने सॅन होजे येथे तयार केलेल्या रॅमॅकमध्ये 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या होत्या आणि त्यांत जेमतेम 50 लाख अक्षरे मावत. पुढच्या पन्नास वर्षांत चकती लहान झाली, क्षमता अफाट वाढली, पण मूळ अडचण गेली नाही: नोंद जिथे असेल तिथे हात सरकवायचा आणि ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबायचे. मिनिटाला 15,000 फेरे घेणाऱ्या सर्वांत वेगवान ड्राइव्हलाही एका फेऱ्याला 4 मिलिसेकंद लागतात. म्हणजे सरासरी 2 मिलिसेकंद नुसती वाट पाहण्यात जातात, हात सरकवण्याचा वेळ वेगळाच. विखुरलेल्या नोंदी वाचायच्या असतील तर अशी ड्राइव्ह सेकंदाला दोनशेच्या आसपास वाचने करून दमते. मोठ्या यंत्रांतली बहुतेक हुशारी या एका दुबळेपणातून जन्मली. 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची, म्हणजे अनेक चकत्या एकत्र जुंपण्याची, कल्पना मांडली. 1990 च्या सिमेट्रिक्सने चकत्यांपुढे मोठी कॅश मेमरी उभी केली. वेग हवा म्हणून चकतीची फक्त बाहेरची कड वापरून उरलेली जागा मुद्दाम रिकामी ठेवणारेही होते. ड्राइव्हशी बोलण्याचे नियमही संथ साधन गृहीत धरून लिहिलेले. साटा ड्राइव्हसाठी एकच रांग असे आणि तिच्यात फार तर 32 आज्ञा.

फ्लॅशची जात निराळी. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी 1987 मध्ये जगापुढे आणलेल्या नँड फ्लॅशमध्ये फिरणारे काहीच नाही. वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, कधी त्याहूनही लवकर उरकते. पण तिच्याही खोडी आहेत. लिहायचे ते पानापानाने, आणि लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी अशा शेकडो पानांचा पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्यागणिक तो थोडा झिजतो. ड्राइव्हमधला छोटा प्रोसेसर हे सगळे लपवतो. एखादी नोंद बदलायला सांगितली की तो नवी नोंद दुसऱ्याच पानावर लिहितो, जुने पान बाद ठरवतो, आपल्या नकाशात पत्ता बदलतो आणि बाहेर कळवतो की काम झाले. बाद पाने साठली की चांगली पाने हलवून ब्लॉक पुसायला घेतो, आणि नेमके त्याच वेळी कुणी त्याच चिपमधली नोंद मागितली तर तिला ताटकळावे लागते. हे काम केव्हा सुरू होणार, याचा बाहेरच्या कंट्रोलरला पत्ताच नसतो. शिवाय प्रत्येक ड्राइव्ह हा संसार वेगळा मांडते: नकाशासाठी स्वतःची मेमरी, झिजेसाठी स्वतःची राखीव जागा.

यावर आक्षेप असा की बतावणी हेच शहाणपण होते. चालू यंत्रातली ड्राइव्ह काढून दुसरी बसवायची सवय तंत्रज्ञांना होती, सॉफ्टवेअर तयार होते, आणि बँकेचा हिशेब कोणी अपरिचित यंत्राच्या हवाली करत नाही. हे मला मान्य आहे. प्युअर स्टोरेजचा आरंभही याची साक्ष देतो. 2009 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी जॉन कोलग्रोव्ह हे व्हेरिटास या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी. (व्हेरिटासचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होते, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल.) 2012 साली आलेल्या त्यांच्या पहिल्या फ्लॅशॲरेमध्ये बाजारात मिळणाऱ्या साध्या एसएसडीच, म्हणजे चकतीची बतावणी करणाऱ्या फ्लॅश ड्राइव्हच होत्या; माहितीतली पुनरुक्ती काढून आणि ती दाबून किंमत चकतीच्या जवळ आणणे ही करामत सॉफ्टवेअरची होती. पण पूल पार करण्यासाठी असतो, त्यावर बिऱ्हाड करायचे नसते. 2015 च्या फ्लॅशॲरे एममध्ये कंपनीने स्वतःची तीन युनिट उंचीची पेटी घडवली: कंट्रोलर मागून सरकवायचे, फ्लॅश पुढून, आणि येणारी प्रत्येक नोंद आधी धरून ठेवणाऱ्या एनव्हीरॅमसाठी चार वेगळे खण, थेट पीसीआय-एक्सप्रेसला जोडलेले. फ्लॅशच्या मॉड्यूलमध्ये मात्र अजून एसएसडीच होत्या. त्या गेल्या 2017 च्या फ्लॅशॲरे एक्समध्ये. तिथल्या मॉड्यूलमधून कच्ची फ्लॅश सरळ ॲरेच्या सॉफ्टवेअरला दिसू लागली, आणि कोणता ब्लॉक केव्हा पुसायचा हे सगळ्या मॉड्यूलकडे एकत्र पाहून ठरू लागले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेले एनव्हीएमई हे ड्राइव्हशी बोलण्याचे नवे मानक याच्या मुळाशी होते. त्यात सुमारे 64 हजार रांगांची आणि प्रत्येक रांगेत तितक्याच आज्ञांची सोय आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. खास घडवलेले हार्डवेअर ग्राहकाला एका कंपनीशी बांधते, आणि ते यशाची हमीही देत नाही. व्हायोलिन मेमरी या कंपनीने चकतीचा साचा फार लवकर झुगारला, 2013 मध्ये शेअर बाजारात प्रवेश केला आणि 2016 च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. उलट आयबीएमने 2012 मध्ये टेक्सास मेमरी सिस्टिम्स विकत घेऊन तिचे खास फ्लॅश बोर्ड काही वर्षे चालवले, पण 2018 च्या फ्लॅशसिस्टिम 9100 मध्ये तेच कौशल्य पुन्हा अडीच इंची ड्राइव्हच्या आकारात बसवले. म्हणजे आकार परत आला. मग माझा मुद्दा कोसळतो का? मला तसे वाटत नाही. आयबीएमच्या त्या मॉड्यूलच्या आत स्वतःचा कंट्रोलर आहे, माहिती दाबण्याचे काम तिथेच हार्डवेअरमध्ये होते, आणि बोलणे एनव्हीएमईतून. बाहेरून ती चकतीच्या मापाची आहे, आतून आणि भाषेने नाही. फ्लॅशचा स्वभाव ओळखून कोणी यंत्र आखले हा प्रश्न आहे, डबा किती इंची हा नव्हे. व्हायोलिनकडे वेग भरपूर होता. पण बँकेला वेगाइतकीच गरज असते ती स्नॅपशॉटची, दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवण्याची आणि परवडणाऱ्या किमतीची, आणि त्या आघाडीवर ती मागे पडली. बांधले जाण्याची तक्रार मात्र खरी आहे आणि तिला पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही.

म्हणून नव्या पिढीच्या यंत्राची जाहिरात वाचताना टेराबाइटचा आकडा शेवटी पाहावा. आधी विचारावे की कंट्रोलर आणि फ्लॅश यांच्या मधला कोणता थर या खेपेला काढला, आणि ब्लॉक पुसायचा निर्णय आता कोण घेते. विक्रेत्याला याचे सरळ उत्तर देता आले नाही, तर ते यंत्र 2008 च्याच घराण्यातले समजावे.