विस्तार खरा, ‘वाद’ कोणाचा?

सौदी अरेबियाचा संस्थापक इब्न सौद याचे राज्य म्हणजे विस्तारवादाचे मूर्तिमंत उदाहरण, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पुरावा म्हणून नकाशा पुढे केला जातो: 1902 मध्ये रियाध, 1913 मध्ये अल-हसा, 1921 मध्ये हाईल, 1925 अखेर हिजाझ. पण नकाशा विस्तार दाखवतो, ‘वाद’ दाखवत नाही. आणि शब्दाचे सगळे वजन तर ‘वाद’वर आहे.

शब्दाचा जुना वापर पाहा: 1898 च्या स्पेनबरोबरच्या युद्धानंतर फिलिपीन्स ताब्यात ठेवा म्हणणारे अमेरिकन स्वतःला खुशाल विस्तारवादी म्हणवत. ‘साम्राज्यवादी’ म्हटलेले त्यांना झोंबे. वाढत राहणे हेच धोरण मानणारा, तो विस्तारवादी. हा शब्द प्रत्येक जेत्याला लावला तर अतिव्याप्तीचा दोष येतो, मग इतिहासातला एकही पराक्रमी राजा त्यातून सुटत नाही.

पुढे जाण्याची संधी असताना माणूस थांबतो का, ही खरी कसोटी. 1922 मध्ये उकैरच्या बैठकीत ब्रिटिश अधिकारी पर्सी कॉक्सने नकाशावर लाल पेन्सिलीने नज्द-इराकची सीमा ओढली, असे तिथे हजर असलेला दुसरा ब्रिटिश अधिकारी डिक्सन याने लिहून ठेवले आहे. इब्न सौदला ती रुचली नाही. टोळ्यांची चराऊ राने कुठवर, त्यावरून सीमा ठरावी असे त्याचे म्हणणे. तरी त्याने ती मानली. त्याच्या इखवान या कट्टर धार्मिक लढवय्यांनी मानली नाही. त्यांचा एक नेता फैसल अल-दुवैश, त्याच्या टोळीचे हल्ले इराकमध्ये चालूच राहिले. अखेर मार्च 1929 मध्ये सबिल्लाच्या मैदानावर इब्न सौदने त्यांच्यावर मशीनगन चालवल्या. ज्यांच्या बळावर हिजाझ घेतला, तीच ही माणसे! ‘वाद’ होता तो त्यांचा.

यावर आक्षेप येतो की इब्न सौद ब्रिटिश विमानांच्या धाकाने थांबला. धाक होताच. पण विमाने दुवैशलाही दिसत होती, तरी तो थांबला नाही. शिवाय 1934 मध्ये यमनबरोबरच्या युद्धात होदैदा बंदर हाती आलेले असताना ताइफच्या तहात इब्न सौदने ते परत केले. नजरान आणि जीझान मात्र ठेवले.

पण विस्तारवाद नाकारला म्हणून रियाधचा ‘तौहीद’, म्हणजे एकीकरण, हा शब्दही मी जसाच्या तसा घेणार नाही. 1924 मध्ये हिजाझमधले ताइफ पडले तेव्हा शेकडो नागरिक कापले गेले. त्याला एकीकरण कसे म्हणावे? ‘सौदी अरेबिया’ हे नाव देणाऱ्या सप्टेंबर 1932 च्या फर्मानाआधी तर राज्याचे नावच ‘हिजाझ, नज्द व संलग्न प्रदेश’ असे होते.