मूळ फाइलला हात लावू नकोस!

२०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी लागू झाला आणि मामाचा फोन आला. "अरे, तू इंजिनियरिंगला आहेस ना? मग आपल्या साइटच्या बिलावर तो जीएसटी नंबर टाकून दे की!" मामाचं कापडाचं दुकान, ऑनलाइन विक्री जेमतेम. माझी पीएचपीशी ओळख तोंडदेखली. तरी दोन तास खटपट करून बिलाची फाइल शोधली, तिच्यात तीन ओळी घुसवल्या आणि नंबर आला. मामा खूश, मी त्याहून खूश. महिन्याभराने अपडेटचं बटण दिसलं, मी ते दाबलं... आणि माझ्या तिन्ही ओळी गायब! पाच-सहा बिलं नंबराशिवाय गेली. मामाला एकेका गिऱ्हाइकाला फोन करून नवीन बिल पाठवावं लागलं.

पुढे या क्षेत्रात आल्यावर कळलं की ही चूक माझ्या आधी हजारो नवशिक्यांनी केली होती. इतकंच नाही, तर ऑनलाइन दुकानांच्या सॉफ्टवेअरचा बराचसा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो: दुकानदाराने केलेला बदल ठेवायचा कुठे?

सुरुवात करूया मार्च २००० पासून. जर्मनीत हॅराल्ड पॉन्से दे लिऑन याने एक प्रकल्प सुरू केला, जो पुढे ओएसकॉमर्स या नावाने गाजला. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालणारं, फुकट आणि कोड उघडा असलेलं दुकान. छोट्या दुकानदारांना तर लॉटरीच लागली! पण त्यात भर घालायची पद्धत कशी होती? लोक आपापल्या सुधारणा 'काँट्रिब्युशन' म्हणून वाटायचे. झिप फाइल उतरवायची आणि आतल्या सूचना वाचायच्या: अमुक फाइल उघडा, ही ओळ शोधा, तिच्याखाली हे चिकटवा. बस्स. एकाच फाइलमध्ये एचटीएमएल, पीएचपी आणि डेटाबेसच्या क्वेऱ्या गुण्यागोविंदाने नांदायच्या.

नवशिक्यासाठी ही शाळा उत्तम होती. ओळ शोधता शोधता माणूस पीएचपी शिकायचा. पण दुसरी सुधारणाही त्याच चेकआउटच्या फाइलला हात लावणारी निघाली की झालं! सांगितलेली ओळ जागेवर नसायची, कारण पहिल्या सुधारणेनेच ती बदललेली असायची.

खरी किंमत नंतर मोजावी लागली. २०११ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ओएसकॉमर्सच्या दुकानांवर मोठा हल्ला झाला. जुन्या आवृत्तीतल्या त्रुटी वापरून पानांमध्ये परका कोड घुसवला गेला. खरेदीला आलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरवर तो व्हायरस उतरवायला बघायचा. सुधारलेली २.३ आवृत्ती २०१० मध्येच आली होती. पण ज्याने मूळ कोडमध्ये शंभर ठिकाणी चिकटवाचिकटवी केली आहे, त्याने अपडेट करायचं कसं? केलं तर दुकान मोडतं, नाही केलं तर दार उघडं राहतं.

ही अडचण काहींना आधीच दिसली होती. २००३ मध्ये ओएसकॉमर्समधून झेन कार्टने वेगळी चूल मांडली आणि दुकानदाराच्या टेम्प्लेटसाठी निराळा फोल्डर दिला. त्यात तुमची फाइल असेल तर ती वापरायची, नसेल तर मूळची. मार्च २००८ मध्ये आलेल्या मॅजेंटोने हाच विचार पूर्ण कोडला लावला. 'कोअर' फोल्डर त्यांचा, 'लोकल' तुमचा. कोअरमधली फाइल त्याच पत्त्यावर लोकलमध्ये कॉपी करा, तुमचीच आधी उचलली जाईल.

प्रश्न सुटला? नाही! कॉपी ही कॉपीच. फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅजेंटोने एक गंभीर भोक बुजवणारा पॅच काढला. असा पॅच बदलतो मूळ फाइल. तुमची त्याच फाइलची दोन वर्षं जुनी कॉपी लोकलमध्ये असेल, तर पॅच लावूनही चालणार जुनाच कोड. आणि तुम्हाला वाटणार, आपण सुरक्षित आहोत.

कॅनडातल्या टोबियास ल्युटकेने दुसरं टोक गाठलं. २००४ मध्ये स्नोबोर्ड विकण्यासाठी त्याने स्वतःच दुकान लिहिलं, त्यातूनच २००६ मध्ये शॉपिफाय आलं. तिथे दुकानदाराला मूळ कोड मिळतच नाही. लिक्विड नावाच्या छोट्या टेम्प्लेट भाषेत पानाचं रूप बदला, सर्व्हरला हात लावायची सोय नाही. सुरक्षित खरं, पण घर भाड्याचं. भिंत पाडायची असेल तर मालकाला विचारा.

२०११ मध्ये आलेल्या वूकॉमर्सला मधला रस्ता वर्डप्रेसकडून आयताच मिळाला: हुक. मूळ कोड चालता चालता ठरलेल्या जागी थांबून विचारतो, "इथे कुणाला काही करायचंय का?" तुमचा कोड वेगळ्या फाइलमध्ये बसून म्हणतो, "हो, मला." मूळ फाइल बदलली तरी तो प्रश्न त्याच जागी विचारला जातो, तोवर तुमचं काम चालू. हुक कुठे द्यायचा हे मात्र मूळ लिहिणाराच ठरवतो. हवा तिथे नसेल तर पुन्हा फाइल कॉपी करणं आलंच.

म्हणून आमच्याकडे कुणी नवीन मुलगा रुजू झाला की मी त्याला भाषा येते का ते नंतर विचारतो. आधी विचारतो, "उद्या अपडेट आला तर तुझा बदल कुठे असेल?" बहुतेक वेळा तो गप्प होतो. मीही झालो असतो.

असो. मामाच्या साइटवर त्या तीन ओळी आता एका वेगळ्या फाइलमध्ये, हुकला लटकून आहेत. तेव्हापासून कितीतरी अपडेट झाले. बिलावर नंबर अजून येतोय.