ठाण्याचें भावगीत आणि विरहाची स्मृति

प्रीतीचा विरह हा काव्याचा फार जुना विषय आहे. परंतु तो विरह घरांतल्या स्त्रीनें घरांतच गुणगुणावा, आणि त्यांत कोणास कांहीं गैर वाटूं नये, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गांत तशी अलीकडची. लावणीनें शृंगार मनमोकळेपणें गाइला. पण सोवळ्याओवळ्याच्या घरांत तिला उंबरठा ओलांडतां येत नसे. नाट्यपदांत विरह होता. तो मात्र रुक्मिणीचा, सुभद्रेचा असे. सामान्य मनाला स्वतःचें असें दुःख स्वतःच्या भाषेंत गातां येऊं लागलें तें भावगीतामुळें.

या गीताचा जन्म दोन यंत्रांच्या सोबतीनें झाला. मुंबईचें नभोवाणी केंद्र 1927 सालीं सुरू झालें. पुढच्या दशकांत जी. एन. जोशी यांच्या कंठांतून ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ग्रामोफोनच्या तबकडीवर आली आणि घरोघर पोंचली. तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. तेवढ्यांत आलापाचा विस्तार शक्य नव्हता. कथानकहि शक्य नव्हतें. माधव जूलियन यांनीं ‘विरहतरंगां’त 1926 सालीं विफल प्रेमाची सबंध कहाणी सांगितली, भावगीतानें त्या कहाणीतला एकच क्षण उचलला. नांवगांव गळालें, आठवण तेवढी राहिली. आणि नांव नसल्यामुळेंच ती आठवण ऐकणाऱ्या प्रत्येकाची झाली.

मुंबईच्या ईशान्येस लोहमार्गावर वसलेल्या गांवांना ही गोष्ट विशेष मानवली. बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी 1853 सालीं धांवली. पुढच्याच वर्षीं मार्ग कल्याणपर्यंत गेला. नोकरीच्या ओढीनें ठाण्यांत, डोंबिवलींत आणि कल्याणांत बिऱ्हाडें थाटलीं गेलीं. प्रत्येक बिऱ्हाडानें मागें एक गांव सोडलेलें होतें. कल्याणांत 1926 सालीं गायन समाज स्थापन झाला आणि अभिजात संगीताची बैठक तेथें रुजली. बैठकींतलें गाणें समजण्यास तालीम लागे. भावगीतास भिंतीपलीकडून आलेला शेजाऱ्याच्या रेडिओचा सूरहि पुरे होई.

अशा ठाण्यांत निवृत्ति रावजी पाटील हे कवि येऊन राहिले. वाळवें तालुक्यांतल्या येडेनिपाणीचा हा शेतकऱ्याचा मुलगा पी. सावळाराम या नांवानें महाराष्ट्रास ठाऊक झाला. लोकांनीं त्यांना जनकवि म्हटलें आणि ठाण्यानें नगराध्यक्षपदहि दिलें. वसंत प्रभु यांची चाल आणि लता मंगेशकर यांचा आवाज त्यांच्या शब्दांना लाभला. ‘गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का’ या गीतांत सासरीं निघालेली लेक आहे. ‘कल्पवृक्ष कन्येसाठीं’ या गीतांत निघून गेलेल्या पित्याला आठवणारी कन्या आहे. तें गाणाऱ्या लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ 1942 सालीं वारले, तेव्हां त्या अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. ‘मानसीचा चित्रकार’ या गीतांत मनांतला चितारी प्रिय व्यक्तीचें चित्र अखंड रेखाटीत बसतो.

पहिलीं दोन गीतें आईबापांच्या मायेचीं, तिसरें प्रियतमाचें. पण सूर एकाच जिव्हाळ्याचा. येथेंच त्या गीतांचें मर्म आहे. जेथें मुलीच्या मनांतली आवडनिवड विचारण्याची रीत नव्हती, तेथें मोडलेल्या प्रीतीसाठीं उघड रडण्यास जागा नव्हती. माहेरच्या गाण्यावर मात्र कोणीहि डोळे पुसावेत. त्या आसवांत दुसरें कोणतें दुःख मिसळलें आहे, हें विचारण्याची कोणास गरज पडत नसे.

मूल अशीं गाणीं अर्थ कळण्यापूर्वींच पाठ करतें. चाल आधीं येते, शब्द मागून येतात, आणि अर्थ पुष्कळदां वीस-वीस वर्षांनीं येतो, जेव्हां एखादें माणूस दुरावलेलें असतें. वय वाढतें म्हणजे काय, याचें हें एक साधें माप आहे: गाणें तेंच राहतें आणि ऐकणारा बदलतो.

सावळाराम 1997 सालीं निवर्तले. ठाणें महानगरपालिका त्यांच्या नांवें पुरस्कार देते, आणि त्याच्या जोडीचा पुरस्कार ‘गंगा-जमुना’ म्हणून ओळखला जातो. एका गांवानें आपल्या सन्मानास आसवांचें नांव द्यावें, ही गोष्ट थोडी नव्हे. विरह विसरून जावा असें ज्यांना शिकविलें गेलें, त्यांना तो सुरांत जपून ठेवण्याची मुभा या गीतांनीं दिली.