ओवीचा चौथा चरण

हिंगण्याकडे आता दळण चक्कीवर जातं. जातं निघतं ते बहुधा लग्नाच्या हळदीपुरतं. पण आजीच्या ओव्या वहीत उतरवायला बसलं, की पहिला प्रश्न पडतो, ओळ तोडायची कुठं? त्यासाठी एक शब्द कामाचा आहे, चरण.

चरण म्हणजे पाऊल. एका दमात म्हटला जाणारा तुकडा तो चरण. ओवीचे असे साडेतीन चरण मानतात. पहिले तीन यमकानं जुळलेले, चौथा आखूड, म्हणून अर्धा. समजायला मीच एक जुळवली आहे, गोड मानून घ्या:

गटाच्या वहीत सही
रुपयांची नोंद राही
ओवी लिहिली का नाही
सांग सये

बोटांवर मोजा. तीन चरणांत आठ-आठ अक्षरं, चौथ्यात चार. ‘च्या’ हे जोडाक्षर एकच धरायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा इथं हिशेब नाही. आजीच्या ओवीत आकडा सात येईल, नऊ येईल, यमकही जागा बदलेल. ती चूक नव्हे. ओवीला अक्षरांची ठरीव संख्या नाहीच. कमीजास्त गळा सांभाळून घेतो.

‘बायकांचं गाणं, त्याला कसला नियम?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना एक जुनी नोंद दाखवावी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, इ. स. 1129 च्या सुमारास, लिहिलं आहे की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. दळताना नव्हे, कांडताना, म्हणजे मुसळाच्या ठेक्यावर! ज्ञानेश्वरी सांगितली गेली 1290 मध्ये. तिच्या सुमारे नऊ हजार ओव्यांतही तीन चरणांचं यमक आणि आखूड चौथा चरण हीच घडण आहे. म्हणजे ग्रंथात जाण्याआधी दीडशे वर्षं तरी ओवी बायकांच्या कामात होती. ज्ञानदेवांनी ती उखळाजवळूनच उचलली, असं मला वाटतं. आपल्या विदर्भातही तेराव्या शतकात रिद्धपूरच्या महदंबेनं लग्नात गायचे धवळे रचले.

मग लिहिताना घोटाळा कुठं होतो? ‘सये’, ‘बाई’, ‘गं’ हे भरीचे शब्द समजून शिकलेली नात गाळून टाकते. वरच्या ओवीतला ‘सये’ काढून बघा. चौथ्या चरणात उरतं नुसतं ‘सांग’. चाल लंगडते. आणि ओवी कुणाला सांगितली, तेही जातं.

पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकारानं गावोगावच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. आपल्याला लाखाची घाई नाही. आजीला ओवी दोनदा म्हणायला लावा, मोबाइलवर आवाज घ्या, ती जिथं थांबते तिथं ओळ तोडा. दुसऱ्या वेळी चौथा चरण बदलला, तर दोन्ही लिहा. खाली तिचं नाव, तिचं माहेर आणि कोणतं काम करताना ती ओवी म्हणायची, तेही लिहा.